स्पॅनिशमधले इतके रोजचे शब्द 'आल्'ने का सुरू होतात?

हा 'आल्' म्हणजे अरबीतलं 'अल्' हे उपपद (इंग्रजी 'the'सारखं), नामाला कायमचं चिकटलेलं. ७११ ते १४९२ या काळात स्पेनच्या कमीजास्त भागावर मुस्लिम राजवट होती, तेव्हा हे शब्द रुजले. आल्गोदोन (कापूस) म्हणजे 'अल्-कुत्न', आल्मोआदा (उशी) म्हणजे 'अल्-मिखद्दा'. पुढे 'स' आला की 'अल्'चं 'अस्' होतं, म्हणून 'अस्-सुक्कर'चं आसूकार (साखर) झालं. आणि हे सुक्कर मुळात आपली संस्कृत 'शर्करा', फारसीमार्गे तिकडे गेलेली. म्हणजे साखर आणि आसूकार एकाच घरातली! रेआल अकादेमिया या स्पॅनिश भाषेच्या अकादमीच्या कोशात बहुतेक शब्दांची व्युत्पत्ती सुरुवातीलाच दिलेली असते, ती जरूर वाचा. मात्र 'आल्' दिसला की अरबी, असं धरू नका: आल्मा (आत्मा) आणि आल्तो (उंच) थेट लॅटिनमधून आलेत.