नव्या शिक्षणसेवकाला

तीन वर्षं शिक्षणसेवक, महिना 16,000 मानधन, घरापासून लांबचं गाव, वर यू-डायसवर शाळेची माहिती भरणं, पोषण आहाराच्या नोंदी आणि बीएलओचं, म्हणजे मतदार यादीचं काम. वैतागशीलच, त्यात तुझं काही चुकत नाही. 'सकारात्मक राहा' हे ऐकून सोडून दे, ते बहुतेक प्रशिक्षणाच्या हॉलमध्येच शोभतं.

परिपाठ झाला की मोबाईल कपाटात ठेव. ग्रुपवर 'तात्काळ' म्हणून मागितलेली माहिती बहुतेक वेळा मधल्या सुट्टीत पाठवली तरी चालते. वर्गात हातच्याच्या वजाबाकीला अडलेलं एक पोर धर. 42 मधून 17 काढताना ते 7 मधून 2 वजा करून बिनधास्त 35 लिहितं. रागावू नकोस. दहा-दहा काड्यांचे चार गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या दे, एक गठ्ठा त्यालाच सोडायला लाव. ज्या दिवशी 25 येईल, ती तारीख टाचणवहीत, म्हणजे रोजच्या पाठाच्या वहीत, लिहून ठेव. वाईट आठवड्यात तेच पान कामाला येतं, प्रशस्तिपत्रक नव्हे.

पोरं गैरहजर असली की घरी जाऊन ये. ऊसतोडीला गेलेत की शेळ्या राखतायत, हे कळलं तरी निम्मी चिडचिड जाते. स्टाफरूममध्ये रडगाणं सुरू झालं तर चहा घेऊन व्हरांड्यात ये. आणि रविवारी ग्रुप म्यूट.