ट्रकच्या कॅन लाइनला (गाडीतले कंट्रोलर ज्या दोन वायरींवरून एकमेकांशी बोलतात ती) डेटा लॉगर, म्हणजे त्यावरचा डेटा नोंदवणारं यंत्र, जोडला की डॅशबोर्डवर एरर दिवे लागतात. काय चुकतंय?

आधी लॉगरमधला १२० ओहमचा रेझिस्टर बघा. नव्वद टक्के संशय माझा त्याच्यावरच.

बॅटरी काढा, लॉगर लावलेलाच ठेवा आणि मल्टीमीटर ओहमवर ठेवून लाइनच्या दोन वायरींमध्ये, म्हणजे कॅन-हाय आणि कॅन-लोमध्ये, धरा. लाइनच्या दोन्ही टोकांना १२०-१२० ओहमचे रेझिस्टर समांतर असतात, म्हणून ६० च्या आसपास यायला हवं. ४० आलं तर तिसरा रेझिस्टर घुसलाय, लॉगरमधला रेझिस्टर जोडणारी छोटी पिन (जंपर) काढा. १२० आलं तर एक टोकच गायब आहे; मग लॉगर बिचारा निर्दोष.

मग स्पीड. जे-१९३९ (अवजड गाड्यांचं कॅन स्टँडर्ड) ट्रकला बहुधा २५० केबीपीएस (सेकंदाला किलोबिट), कारला सहसा ५००. चुकीच्या स्पीडवर लॉगर स्वतःच लाइनवर एरर फ्रेम (चूक झाल्याचे संदेश) टाकत सुटतो, म्हणून सुरुवात 'लिसन ओन्ली' मोडनेच करा, त्यात लॉगर फक्त ऐकतो. ट्रकच्या नऊ पिनच्या गोल डायग्नोस्टिक कनेक्टरमध्ये सी पिन कॅन-हाय, डी पिन कॅन-लो. मोठ्या ट्रकला सप्लाय बहुधा २४ व्होल्ट असतो, फक्त १२ व्होल्टवाला लॉगर जळू शकतो.

लाइनपासून लॉगरपर्यंतची वायर एक मीटरच्या आत ठेवा. अक्कलकोट रोड एमआयडीसीत मी एकदा तीन मीटर वायर सीटमागे फिरवली होती. गाडी उभी असताना सगळं झकास, पुणे हायवेला लागताच लॉगमध्ये एररच एरर. वायर कापली, थांबलं. आणि लॉगर सीटखालीच बसवा, सोलापूरच्या मे महिन्यात डॅशबोर्डवर नको.