वडिलांची वही सापडत नाही

प्रश्न : माझे वडील मुंबईतल्या एका हॉटेलात आचारी होते. निवृत्तीनंतर गावी आले आणि गेल्या श्रावणात गेले. दमाची बिर्याणी लावताना इम्तियाझ कुरेशींचं नाव घेऊन कानाला हात लावायचे. हे कुरेशी कोण? वडिलांची कृतींची वही कुठेच सापडत नाही. आता त्यांचा हात कुठे शोधू?
– एक वाचक, वाई

उत्तर : ताई, तुमचं पत्र दोनदा वाचलं. मीही बत्तीस वर्षं भटारखान्यात काढली. कानाला हात लावणं म्हणजे काय, ते मला ठाऊक आहे. उस्तादाचं नाव आमच्यात तसंच घेतात.

इम्तियाझ कुरेशी लखनौचे, जन्म १९३१चा. पोरवयातच काकांच्या हाताखाली डेगेपाशी, म्हणजे मोठ्या हंड्यापाशी, उभे राहिले. १९६२च्या युद्धात जवानांसाठी रांधलं. उत्तर प्रदेशचे मुख्यमंत्री चंद्रभानू गुप्ता यांच्याकडे नेहरू जेवायला यायचे होते आणि यजमान शाकाहारी. तेव्हा कुरेशींनी फणस, दुधी, कमळकाकडी असे रांधले, की ताटात मांस-मासळीच वाटावी. हा किस्सा ते स्वतः सांगत. पुढे दिल्लीच्या आयटीसी मौर्य हॉटेलातल्या ‘दम पुख्त’ या रेस्टॉरंटनं अवधी, म्हणजे लखनौकडच्या, स्वयंपाकाला पंचतारांकित मान मिळवून दिला, तो त्यांच्याच हातानं. २०१६ साली पद्मश्री मिळाली. तरला दलाल यांना ती आधी मिळाली होती, पण हॉटेलच्या चुलीपुढे आयुष्य काढलेल्या माणसाला मिळाली, याचा आम्हा सगळ्यांना फार अभिमान वाटला. फेब्रुवारी २०२४मध्ये मुंबईत ते गेले, वयाच्या त्र्याण्णवाव्या वर्षी.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्यांच्या घरातच आहे. मुलगे शेफ झाले, जावईही याच कामात. ही विद्या वहीतून जात नाही, शेजारी उभं राहून जाते. डेगेच्या काठाला कणकेची वळी लावून झाकण बसवायचं, खाली मंद आच, वर निखारे. झाकण उघडून बघायची सोय नाही. कणीक वाळून तिला तडा जातो, तिथून वाफेचा पहिला झोत येतो, त्यात केवडा आणि तूप एकजीव झालेलं नाकाला कळतं. त्या क्षणी डेग उतरवायची. हे किती मिनिटं, असं कसं लिहिणार? मलाही लिहिता आलेलं नाही.

म्हणून वही शोधू नका. वडिलांच्या हाताखाली कांदा तळणारा, तांदूळ निथळणारा कुणीतरी असेलच. जुन्या हॉटेलातल्या मंडळींना फोन करा. भेटला, की कृती विचारू नका, त्याला घरी बोलवा आणि वडिलांच्याच पातेल्यात रांधायला लावा. तुम्ही शेजारी उभ्या राहा. आणि आईला विचारा, घरी रांधताना ते मीठ कधी घालायचे. बायकोला हे पाठ असतं, मी माझ्या घरचं सांगतो.

पातेलं मात्र मोडीत देऊ नका. कल्हई करून घ्या.