मशीन म्हणतं सगळं ओके, पेशंट म्हणतो भाजलं

प्रश्न : नमस्कार मॅडम. सासूबाईंचं ब्रेस्ट कॅन्सरचं ऑपरेशन झालं, आता पाच आठवडे लाईट (रेडिएशन) द्यायची आहे. तारीख मिळाली आणि त्याच दिवशी माझ्या भाच्याने (तो आयटीत आहे) थेरॅक-२५ नावाच्या मशीनची गोष्ट सांगितली, सॉफ्टवेअरच्या चुकीने माणसं भाजून मेली म्हणे. सासूबाईंनी ते ऐकलं आणि आता जायलाच नको म्हणतात. हे खरं आहे का? काय सांगू त्यांना?
– एक वाचक, मिरज

उत्तर : ताई, आधी एक सांगते, लाईट चुकवू नका, तारीख पुढे ढकलू नका. गोष्ट खरी आहे, पण अर्धी ऐकली की नुसती भीती उरते, म्हणून पूर्ण सांगते.

थेरॅक-२५ हे कॅनडाच्या एईसीएल या सरकारी कंपनीचं रेडिएशन मशीन, एकूण ११ बसवली होती, ५ अमेरिकेत आणि ६ कॅनडात. जून १९८५ ते जानेवारी १९८७ या काळात ६ पेशंटना भयानक जास्त डोस गेला आणि त्यातले काही त्यामुळेच दगावले. आधीच्या थेरॅक-२० मध्ये चुकीचा बीम (किरणांचा झोत) अडवायला वेगळे सर्किट होते, कॉम्प्युटर काहीही म्हणो, ते आडवे यायचे. नव्या मशीनमध्ये ते काढले आणि सगळा भरवसा सॉफ्टवेअरवर टाकला. नंतर कळलं की तसाच दोष थेरॅक-२० मध्येही होता, फक्त तिथे फ्यूज उडायचा आणि माणूस वाचायचा.

टेक्सासमधल्या टायलर गावातला मार्च १९८६ चा प्रसंग मी जिथे शिकवते तिथे दरवेळी सांगते. ऑपरेटर अनुभवी, हात सवयीने चालणारा. बहुतेक पेशंटना एक्स-रे म्हणून तिने सवयीने एक्स दाबलं, लगेच लक्षात आलं की याला इलेक्ट्रॉन द्यायचाय, बाणाची की दाबून वर गेली, ई केलं, बाकीचं बरोबर होतं म्हणून एंटर एंटर करत खाली आली, हे सगळं काही सेकंदांत. आत मशीनचे मॅग्नेट सेट व्हायला साधारण ८ सेकंद लागायचे आणि तेवढ्या वेळात केलेली दुरुस्ती सॉफ्टवेअरच्या लक्षातच येत नव्हती. स्क्रीनवर ई दिसतंय आणि आत बीम एक्स-रेच्या ताकदीचा, मध्ये अडवणारं टार्गेट नाही. तिने बीम सुरू केला, स्क्रीनवर आलं ‘मालफंक्शन ५४’. त्याचा अर्थ मॅन्युअलमध्ये धड नाही, आणि डोसचा आकडा तर उलट कमी दाखवतोय, २०२ युनिटपैकी फक्त ६. असे मेसेज रोजचेच, म्हणून तिने पुढे चालू ठेवायची की दाबली. आत पेशंटला पाठीवर गरम कॉफी ओतल्यासारखं झालं होतं, तो उठायला लागला तेवढ्यात दुसरा झटका हातावर बसला. त्या दिवशी खोलीतला व्हिडिओ जोडलेला नव्हता आणि इंटरकॉम बिघडलेला, त्यामुळे बाहेर काहीच कळलं नाही, शेवटी त्याने येऊन दार बडवलं. १८० रॅड (डोस मोजायचं एकक) द्यायचे होते, नंतरच्या हिशोबात १६,५०० ते २५,००० रॅड निघाले. पाच महिन्यांनी तो गेला.

आणि कंपनीने काय सांगितलं? असं होऊच शकत नाही. टेस्ट केल्या, काही सापडलं नाही, इलेक्ट्रिक शॉक असेल म्हणाले. मशीन ७ एप्रिलला परत सुरू झालं आणि ११ तारखेला त्याच ऑपरेटरच्या हातून दुसरा पेशंट भाजला. मला राग त्या बगपेक्षा, म्हणजे सॉफ्टवेअरच्या चुकीपेक्षा, या उत्तराचा येतो. बग शेवटी शोधला तो हॉस्पिटलच्याच फिजिसिस्टने (डोस आणि मशीन तपासणारा तज्ज्ञ) आणि त्या ऑपरेटरने, दोघं बसून पुन्हा पुन्हा तेच टाइप करत राहिले, मग कळलं की पटापट टाइप केलं तरच होतं. कंपनीचा पहिला उपाय ऐका, बाणाच्या कीचं टोपण काढा आणि खाली चिकटपट्टी लावा.

आपल्याकडे अशा मशीनला एईआरबीचं (अणुऊर्जा नियामक मंडळाचं) लायसन्स लागतं, त्यांचं ऑफिस मुंबईत अणुशक्तीनगरला आहे. हॉस्पिटलमध्ये मेडिकल फिजिसिस्ट असतो, तो पेशंट घ्यायच्या आधी मशीन तपासतो. त्याला जाऊन भेटा, तपासणी कशी करता विचारा, चांगला माणूस आनंदाने दाखवतो. आणि पहिल्याच दिवशी टेक्निशियनला विचारा, आत बोललेलं बाहेर ऐकू येतं ना, कॅमेरा चालू आहे ना. सासूबाईंना सांगा, लाईट चालू असताना काहीच जाणवत नाही, दोन-तीन आठवड्यांनी कातडी लाल होते ती वेगळी, ते होतं. पण देताना झटका बसला, चटका लागला तर लगेच हात वर करायचा, ओरडायचं, आणि फिजिसिस्टने बघेपर्यंत पुन्हा झोपायचं नाही.

प्रश्न : मॅडम, मी एका सिरिंज पंप (ठरल्या वेगाने औषध देणारं मशीन) बनवणाऱ्या कंपनीत टेस्टिंगला आहे. रेट बदलताना कीज फास्ट दाबल्या तर कधीकधी ऑक्लूजन अलार्म (नळी तुंबली की वाजणारा) वाजतच नाही. शंभर वेळा केलं तर एखाद वेळा. मॅनेजर म्हणतो फील्डमधून एकही कम्प्लेंट नाही, रिलीज पुढच्या आठवड्यात आहे, सोड. नवीन नोकरी आहे, घरी हप्ते आहेत. मी जास्तच विचार करतोय का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : नाही रे बाळा, अजिबात नाही. वरचं उत्तर आधी वाच, फास्ट दाबल्या तर, हे तुझेच शब्द आहेत बघ. आयसीयूत रात्री तीन वाजता सिस्टर सहा पेशंट सांभाळताना कीज फास्टच दाबते, तिला ८ सेकंद थांबायला कोण सांगणार? आणि कम्प्लेंट नाही म्हणजे प्रॉब्लेम नाही असं कुठेय, न वाजलेल्या अलार्मची कम्प्लेंट कोण करणार? मी हॉस्पिटलमध्ये मशीन्स बघायचे तेव्हा एक सिस्टर दोन महिने सांगत होती की हा पंप मधेच गप्प होतो, कंपनीचा माणूस यायचा, टेबलावर चालवून दाखवायचा आणि हँडलिंगची चूक असं लिहून जायचा, आणि मीही त्यावर सही केली. शेवटी तिने मोबाईलवर शूट करून दाखवलं तेव्हा पंप बदलला. ती सही मला अजून टोचते.

तूही तेच कर, शूट कर. किती वेळात कोणत्या कीज, कोणतं व्हर्जन, किती वेळा दाबल्यावर एकदा, सगळं लिही आणि कंपनीच्या बग सिस्टिममध्ये टाक, चहाच्या टपरीवर सांगितलेलं कुठे राहत नाही. मग क्वालिटी आणि रेग्युलेटरीच्या माणसांना मेल कर आणि एकच प्रश्न विचार, हे रिस्क फाइलमध्ये (धोक्यांच्या नोंदीत) कुठल्या ओळीत आहे? आयएसओ १४९७१ या मेडिकल उपकरणांच्या धोक्यांबद्दलच्या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे ती फाइल ठेवावीच लागते. कोणावर आरोप करू नकोस, नुसतं निरीक्षण लिही. मॅनेजर सोड म्हणाला तर, सर, तेवढं मेलवर सांगा, इतकंच म्हण. बऱ्याचदा तिथेच रिलीज थांबतं, कारण सोड हा शब्द कुणालाच लिहून द्यायचा नसतो.

कायद्यात काय आहे तेही माहीत असू दे. मेडिकल डिव्हाइसेस रूल्स २०१७ आहेत, एप्रिल २०२० पासून सगळी उपकरणं, सॉफ्टवेअरसुद्धा, त्यात येतात, आणि अनपेक्षित गंभीर घटना कळली की कंपनीने १५ दिवसांत कळवायचं असतं. पंप बाजारात गेल्यावर काही झालं तर मटेरिओव्हिजिलन्स प्रोग्राम (उपकरणांमुळे झालेल्या त्रासाची नोंद ठेवणारा) आहे, २०१५ पासून, गाझियाबादहून चालतो, तिथे डॉक्टरच काय, सिस्टर किंवा पेशंटही कळवू शकतात, हेल्पलाइन १८००-१८०-३०२४.

हप्त्यांची भीती मला कळते, म्हणून एकटा जाऊ नकोस, ज्याने कोड लिहिलाय त्याच्याकडे आधी जा, त्याच्या शेजारी बसून करून दाखव. टायलरलाही दोघंच बसले होते. तो बग त्याला स्वतःला दिसला की मेलवर दोन नावं असतील. रिलीज पुढच्या आठवड्यात आहे म्हणतोस, तर उद्या सकाळीच जा, आणि काय झालं ते मला लिही.