चांदोदच्या नावेला अडीच हॉर्सपॉवरची जुनी मोटर: घ्या, पण आधी हे बघा

तुम्ही लिहिलंय की चांदोदला काकांची 12 फुटी फायबरची नाव आहे, तिच्या मागच्या फळीला लावायला कोणीतरी अडीच हॉर्सपॉवरची जुनी फोर-स्ट्रोक मोटर द्यायला तयार आहे आणि मित्र म्हणताहेत की नर्मदेत अडीचनं काही होत नाही, सहाची नवीच घ्या. माझ्याकडे अडीचचीच मोटर आहे आणि ती मी बडोद्याहून गाडीत घालून चांदोदला नेतो. म्हणून स्पष्ट सांगतो, अडीचची घ्या. छोट्या मोटरला ताकद कमी पडते म्हणून त्रास होत नाही, ती पडून राहिली की त्रास देते.

आधी ताकदीचं बघू. पाणी कापत चालणाऱ्या नावेचा वेग तिच्या लांबीवर ठरतो. 12 फुटी नावेसाठी ती मर्यादा ताशी साधारण साडेआठ किलोमीटर. अडीचची मोटर दोन माणसांसह सात-आठपर्यंत सहज नेते. त्यापुढे सहाची लावली तरी तुमच्या जड फायबरच्या नावेला वेग फारसा मिळत नाही, पेट्रोल मात्र जास्त जातं. शिवाय वजन. अडीचची मोटर 13 ते 18 किलोची, सहाची 25-26 किलोची. चांदोदच्या मल्हारराव घाटाच्या पायऱ्या तुम्हाला माहीत आहेतच. मोटर नावेवर ठेवून घरी येता येत नाही, दर वेळी उचलून वर आणावी लागते. सहाचा उपयोग खऱ्या प्रवाहात होतो, हे मान्य. पण प्रवाह इतका असेल त्या दिवशी 12 फुटी नाव पाण्यात घालूच नये, त्याबद्दल पुढे लिहितो.

आता मुख्य मुद्दा, पेट्रोल. पंपावर मिळणारं साधं पेट्रोल आता 20 टक्के इथेनॉलचं असतं आणि बहुतेक मोटरींच्या पुस्तिकेत 10 टक्क्यांपर्यंतचीच परवानगी असते. रोज चालणाऱ्या स्कूटरमध्ये पेट्रोल आठवड्याभरात संपतं. नावेची मोटर दिवाळीत चालते, मग थेट संक्रांतीला आठवते. तोवर इथेनॉल हवेतली ओल ओढत राहतं, पेट्रोलचा हलका भाग उडून जातो आणि कार्बोरेटरच्या, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या भागाच्या, तळाशी चिकट थर उरतो. त्याची खालची वाटी उघडून बघा: पेट्रोल मोजून सोडणाऱ्या पितळी जेटच्या तोंडाशी हिरवट-पांढरी भुकटी धरलेली दिसेल. जेट काढून उजेडाकडे धरायचा, आरपार गोल ठिपका दिसला पाहिजे. कमी वेगाला पेट्रोल देणाऱ्या स्लो जेटचं भोक इतकं बारीक असतं की आधी तेच बंद होतं. मग मोटर चोक ओढला की चालते, चोक आत ढकलला की मरते. कोणी मोटरला ‘सवय’ आहे म्हणत असेल तर समजा की स्लो जेट तुंबलाय.

यावरचा उपाय कंटाळवाणा आहे, पण पक्का आहे. घाटाला लागायच्या आधी पेट्रोलचा कॉक बंद करा आणि मोटर आपोआप बंद पडेपर्यंत पाण्यातच चालू द्या. तरीही वाटीत थोडं पेट्रोल उरतं, म्हणून घरी आल्यावर वाटीखालचा ड्रेन स्क्रू सैल करून ते एका डब्यात काढा. टाकीतलं पेट्रोल स्कूटरमध्ये ओता. टाकी लिटरभराचीच, पूर्ण थ्रॉटलवर तासाभरात संपते, तेव्हा फेकण्यासारखं काही उरत नाही. इतकं केलं की ही मोटर वर्षानुवर्षं पहिल्या-दुसऱ्या झटक्याला सुरू होते, आणि मला तिचं खरंच फार कौतुक वाटतं.

कार्बोरेटरची भीती बाळगू नका. आतून तो मोपेडच्या कार्बोरेटरसारखाच. बडोद्यात कुठलाही जुना, शांत डोक्याचा बाइक-मिस्त्री तो साफ करतो. पाण्याखालच्या भागाला मात्र त्याला हात लावू देऊ नका, तिथलं काम वेगळं.

त्या खालच्या भागात दोन गोष्टी महत्त्वाच्या. एक म्हणजे इंपेलर, मोटर थंड ठेवायला पाणी वर खेचणाऱ्या पंपाचं रबरी चक्र. मोटर चालू असताना मागून पाण्याची बारीक धार पडते, तिच्यावर नजर ठेवायची. ओरसंग जिथे नर्मदेला मिळते तिथे वाळूचे पट्टे आहेत. उथळात मोटर चालवली की वाळू आत जाते आणि रबराच्या पाती झिजतात. धार बारीक झाली की थांबा, आणि कोरड्यावर ‘फक्त ऐकून बघू’ म्हणून मोटर कधीही सुरू करू नका, रबर काही सेकंदांत जळतं. होंडाची 2.3 हॉर्सपॉवरची मोटर हवेवर थंड होते, तिला हा पंप नाहीच. वाळूच्या दृष्टीनं ती सोयीची, पण आवाज बराच.

दुसरी गोष्ट मासेमारीच्या जाळ्याचा नायलॉन. तो नाव ढकलणाऱ्या पंख्यात अडकला की कळतं, पण पंख्यामागे दांड्यावर गुंडाळला गेला तर कळत नाही. दर मोसमात कॉटर पिन काढून पंखा उतरवायचा. मागे केसासारखे धागे सापडतात, गरम होऊन एकमेकांना चिकटलेले, आणि ते सरळ पाणी अडवणाऱ्या रबरी ऑइल सीलमध्ये घुसतात. सील कापलं की गिअर ऑइलमध्ये पाणी जातं.

म्हणून मोटर बघायला जाताना सोबत स्क्रू ड्रायव्हर आणि पांढरा कागद न्या. गिअरच्या खालच्या स्क्रूतून चार थेंब कागदावर पाडा. ऑइल स्वच्छ किंवा काळपट असलं तर चालेल. दुधाळ निघालं तर सील गेलंय, किंमत त्या मानानं पाडा नाहीतर सोडून द्या. मोटर सुरू करायच्या आधी तिच्या डोक्याला हात लावा. गरम लागली तर मालकानं तुम्ही यायच्या आधीच तापवून ठेवलीय. तिथेच बसा, चहा घ्या, ती गार होऊ द्या, मग पाण्याच्या पिंपात घालून गार मोटर दोरीनं सुरू करायला सांगा. विकत घेतलीत तर गाडीत आडवी ठेवताना ज्या बाजूवर खूण असते त्याच बाजूवर ठेवा, नाहीतर इंजिन ऑइल सिलिंडरमध्ये उतरतं.

नदीचं. केवडियाच्या धरणातून पाणी सुटलं की चांदोदला पातळी आणि ओढ दोन्ही बदलतात. सप्टेंबर 2023 मध्ये धरणातून सुटलेल्या पाण्यानं चांदोदला पूर आला, ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. घाटावरच्या नावाड्याला विचारल्याशिवाय दोर सोडू नका. त्याचा शब्द कुठल्याही ॲपपेक्षा मोठा माना. जाताना आधी प्रवाहाविरुद्ध वर जा. मोटर बंद पडली तर नदी तुम्हाला घाटाकडेच आणते. वल्ही नावेतच असू द्यात आणि किल-स्विचची दोरी (तुम्ही पडलात तर मोटर बंद करणारी) मनगटाला बांधा.

आणि लाइफ जॅकेट नावेत ठेवायचं नाही, अंगावर घालायचं, पोहता येणाऱ्यांनीसुद्धा. 18 जानेवारी 2024 ला बडोद्यातल्या हरणीच्या तलावात नाव उलटून 12 मुलं आणि 2 शिक्षिका गेल्या. त्या नावेत क्षमतेपेक्षा जास्त माणसं होती आणि बहुतेकांच्या अंगावर जॅकेट नव्हतं. बडोद्यात राहून हे कोणी कोणाला पुन्हा समजावून सांगायला लागू नये. 2021 च्या अंतर्देशीय जलयान कायद्यानं यंत्रावर चालणाऱ्या नावेला नोंदणीही लागते, तेव्हा काकांच्या नावेचे कागद मोटर घ्यायच्या आधी बघून घ्या.

पैसे देण्याआधी एक माप घ्या: नावेच्या मागच्या फळीच्या वरच्या काठापासून नावेच्या तळापर्यंत किती इंच भरतात. 15 च्या आसपास असेल तर शॉर्ट शाफ्टची, म्हणजे आखूड दांड्याची मोटर, 20 असेल तर लाँग. मोटरीच्या पंख्याच्या वरची आडवी पट्टी तळाच्या बरोबरीला किंवा इंचभर खाली यायला हवी. आकडा कळवलात तर समोरच्याची मोटर तुमच्या फळीला बसेल का, ते सांगतो.