ट्रेकला भांडलो, म्हणजे आमचं जमत नाही का?

लग्नाला वर्ष-दोन वर्षं झालेली जोडपी हल्ली समुपदेशनासाठी माझ्याकडे हा प्रश्न घेऊन येतात. घरी बरं चाललेलं असतं. मग हौसेनं पाठीवर सॅक टाकून डोंगरात जातात, तिथं कडाक्याचं भांडण होतं आणि परत येतात ती हीच धास्ती घेऊन, की दोन दिवस धड काढता आले नाहीत, तर जन्म कसा काढायचा?

अशाच एका जोडप्याबद्दल सांगते. लिहायला दोघांची परवानगी आहे, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. तो कॉलेजपासून सह्याद्रीत भटकणारा. तिला चालायला आवडतं, पण ओझं घेऊन चढायची सवय नाही. डिसेंबरात त्यांनी रतनगड ते हरिश्चंद्रगड असा रेंज ट्रेक, म्हणजे डोंगररांगेतून एका गडावरून दुसऱ्या गडापर्यंतची चाल, ठरवला, खरं तर त्यानं ठरवला. रतनवाडीहून कात्राबाईची खिंड, पलीकडे कुमशेत, मग पाचनई आणि गड. तंबू, स्लीपिंग बॅग, शिधा, पाणी, सगळं पाठीवर. खिंडीच्या चढावर तिनं सॅक खाली टाकली आणि म्हणाली, "मी आता एक पाऊलही पुढे टाकणार नाही." तो म्हणाला, "यायचंच नव्हतं, तर आधी बोलायचंस ना." तिथून गडापर्यंत अबोला. गडाच्या कोकणकड्यावरचा दोघांचा एकुलता एक फोटो वाटाड्यानं आग्रह करून काढलेला.

माझ्यासमोर बसल्यावर ती म्हणाली, "ह्याला माझी फिकीरच नाही." तो कळवळून म्हणाला, "मॅडम, प्रत्येक वळणावर मी हिच्यासाठी थांबत होतो. अजून काय करायला हवं होतं?"

दोघंही खरंच बोलत होते. मी त्याला विचारलं, "ती पोचली, की तुम्ही काय करायचात?"

"सॅक उचलायचो आणि निघायचो. अंधार पडायच्या आत कुमशेत गाठायचं होतं."

म्हणजे त्याला प्रत्येक वळणावर दहा मिनिटं विसावा मिळत होता आणि तिला अजिबात नाही. धापा टाकत ती वर यायची आणि त्याची पाठ पुन्हा चालू लागलेली दिसायची. जो सगळ्यात दमलेला, त्यालाच सगळ्यात कमी विश्रांती. हे कळल्यावर तो बराच वेळ गप्प बसला. तिलाही हे नेमकं असं मांडता आलं नव्हतं, तिच्या मनात फक्त 'मी नकोशी झालेय' एवढंच साचत गेलं होतं.

इथे शरीराचा भागही मोठा असतो. जोडप्यांवर अनेक वर्षं संशोधन केलेले अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जॉन गॉटमन सांगतात, की भांडताना नाडी मिनिटाला १००च्या वर गेली, की समोरच्याचं नीट ऐकूच येत नाही. अशा वेळी निदान २० मिनिटं विषय बाजूला ठेवावा. ओझं घेऊन चढताना नाडी भांडणाआधीच तिथं पोचलेली असते. वर तहान, भूक आणि पोटऱ्यांत आलेले गोळे. म्हणून मी सांगते, चढावर निकाल लावू नका. सॅक उतरवा, पाणी प्या, गूळ-शेंगदाणे खा, मग बोला. त्या चढावर तोंडून गेलेल्या शब्दांवरून लग्नाचं भविष्य काढणं मला अन्यायाचं वाटतं.

मात्र जोडीदारानं रागाच्या भरात जंगलात एकटं सोडलं असेल, चारचौघांत पाणउतारा केला असेल किंवा त्याची भीती वाटत असेल, तर ते दमण्यातून आलेलं भांडण नव्हे. तेव्हा समुपदेशकाकडे आधी एकट्यानं या आणि मोकळेपणानं सांगा.

पुढच्या भेटीत तिनंच विषय काढला. "मॅडम, फ्लॅटचंही असंच झालंय." चार-पाच महिने तो साइट बघत होता, बँकांचे व्याजदर जुळवत होता. सगळं पक्कं झाल्यावर तिला म्हणाला, "रविवारी टोकन देऊ." त्याचा विचार करून झाला होता, तिचा तेव्हा कुठं सुरू होत होता. तिनं वेळ मागितला, की ती खोडा घालतेय असं त्याला वाटायचं. ट्रेकच्या भांडणानं आम्हाला नेमकं इथं आणून सोडलं आणि खरं काम इथूनच सुरू झालं.

डोंगरासाठी त्यांनी ठरवलंय, की ती पुढे चालणार आणि थांबल्यावर निघायचं कधी, हे तिनंच सांगायचं. रविवारचं टोकन पुढे ढकललंय. फ्लॅटची फाइल आता तिच्याकडे आहे आणि कार्पेट एरियाबद्दल तिला पडलेले प्रश्न ती स्वतः बिल्डरच्या ऑफिसात विचारून आलीय. थांबणं त्याला जड जातं, तसं तो भेटीत बोलूनही दाखवतो. त्यांच्या भेटी अजून चालू आहेत.