राजीनामा देऊ नका, कराराची तारीख बघा

प्रश्न : सौदीत जुबैलला एका ठेकेदार कंपनीत १ एप्रिल २०१६ पासून पाइपिंग सुपरवायझर आहे. मूळ पगार ४,००० रियाल, घरभाडं १,०००, प्रवासभत्ता ४००. येत्या ३१ जुलैपर्यंतचा (२०२५) राजीनामा देऊन कायमचं चिपळूणला परतायचं आहे. ऑफिसवाले म्हणतात, सर्व्हिसचे (नोकरी संपताना एकरकमी मिळणारे) १८,२२२ रियाल बसतात. हिशोब बरोबर आहे का? किवावर (सौदीच्या सरकारी कामगार पोर्टलवर) माझा करार ३० सप्टेंबरपर्यंतचा दिसतो. २०२० मध्ये चार महिने बिनपगारी गावी अडकलो होतो.

उत्तर : तुम्ही आकडा तपासायला पाठवलात, पण खरी गोष्ट पत्राच्या शेवटून दुसऱ्या वाक्यात आहे आणि ती तुम्ही जाता जाता लिहिली आहे. करार ३० सप्टेंबरला संपतो. मग ३१ जुलैला राजीनामा कशासाठी? दमामला, रियाधला, यान्बूला असलेली आपली माणसंही हीच चूक करतात. गावी जायचं ठरलं की आधी राजीनामा टाइप होतो, करार त्यानंतर उघडला जातो.

सौदी कामगार कायद्याचं कलम ८४ सर्व्हिसचे पूर्ण पैसे देतं : पहिल्या पाच वर्षांसाठी दरवर्षी अर्ध्या महिन्याचा पगार, त्यापुढे दरवर्षी पूर्ण महिन्याचा, आणि अपुऱ्या वर्षाचा त्या प्रमाणात. त्याला कात्री लावतं कलम ८५, आणि ती फक्त राजीनाम्याला लागते. दोन ते पाच वर्षं नोकरी असेल तर एक तृतीयांश, पाचच्या पुढे पण दहाच्या आत असेल तर दोन तृतीयांश, दहा पूर्ण झाली तर सगळे. कराराची मुदत संपून नोकरी संपली, तर तो राजीनामा नव्हे. परदेशी कामगाराचा करार तिथं कायद्यानेच ठराविक मुदतीचा असतो. फेब्रुवारी २०२५ पासून लागू झालेल्या दुरुस्तीत तर राजीनाम्याची व्याख्याच अशी आहे की मुदतीचा करार मुदतीआधी संपवण्याची कामगाराची लेखी इच्छा. मुदत संपू दिलीत, की कलम ८५ तुमच्या वाटेला येत नाही.

आता ऑफिसचा आकडा. त्यांनी दोनदा कापलं आहे. पहिल्यांदा फक्त मूळ पगारावर हिशोब धरून. सौदीत सर्व्हिसचे पैसे शेवटच्या प्रत्यक्ष वेतनावर निघतात, त्यात ठरलेलं घरभाडं आणि प्रवासभत्ता येतो. बदलतं कमिशन वगैरे कराराने वगळता येतं, तुमचे भत्ते त्यातले दिसत नाहीत. शेजारच्या अमिरातीत मूळ पगार धरतात, तिथला नियम इकडे चिकटवण्याची खोड बऱ्याच हिशोबनिसांना आहे. (भारतातलं पंधरा भागिले सव्वीसचं सूत्रही इथं विसरा.) दुसऱ्यांदा कापलं दोन तृतीयांशाने, आणि ते मात्र तुमच्या राजीनाम्याच्या भरवशावर.

५,४०० रियालवर मांडा. पहिली पाच वर्षं : २,७०० गुणिले ५, म्हणजे १३,५००. ३१ जुलैपर्यंतची पुढची चार वर्षं चार महिने : २३,४००. एकूण ३६,९००, त्याचे दोन तृतीयांश २४,६००. म्हणजे राजीनामा दिलात तरी १८,२२२ हा आकडा चूकच. ३० सप्टेंबरपर्यंत थांबलात तर नोकरी साडेनऊ वर्षांची होते : १३,५०० अधिक २४,३००, एकूण ३७,८००, आणि त्यातून काही कापायचं नाही. दोन महिन्यांच्या थांबण्याने १३,२०० रियालचा फरक पडतो, त्या दोन महिन्यांचा पगार वेगळाच.

२०२० च्या चार महिन्यांबद्दल ठाम सांगता येणार नाही. वीस दिवसांपेक्षा लांबलेली बिनपगारी रजा, वेगळं ठरलेलं नसेल तर, करार स्थगित मानली जाते आणि कंपनी तो काळ वजा करू शकते. त्या वेळी कंपनीने काय लिहून दिलं, तुम्ही कशावर सही केलीत, हे तुम्ही कळवलेलं नाही. बहुधा तो कागद जपूनही ठेवलेला नसेल. वजा झाला तरी वाईटात वाईट १,८०० रियाल जातील. त्यासाठी भांडण ताणू नका.

तुमचा वेळ एकाच ठिकाणी लावा : नूतनीकरण नको असल्याची सूचना. किवावरचा करार उघडा आणि नूतनीकरणाचं कलम वाचा. बहुतेक करारांत असं असतं की अमुक दिवस आधी कोणी लेखी कळवलं नाही, तर करार तेवढ्याच मुदतीसाठी आपोआप वाढतो. तुमच्याकडे ते ६० दिवस असतील, तर शेवटची तारीख १ ऑगस्ट येते. ती हुकली की करार वाढला, आणि मग निघायचं तर राजीनामाच द्यावा लागेल, म्हणजे पुन्हा कलम ८५. शेवटच्या दिवसापर्यंत थांबू नका, याच आठवड्यात पाठवा. किवावर सोय दिसत असेल तर तिथून, शिवाय कंपनीच्या ईमेलवर, आणि पोच मिळाल्याचा स्क्रीनशॉट ठेवा. मजकूर दोन ओळींचा पुरे : "माझा करार ३० सप्टेंबर रोजी संपत आहे. तो पुढे वाढवण्याची माझी इच्छा नाही." राजीनामा हा शब्द कुठंही नको. ऑफिसने अरबी फॉर्म पुढं केला तर वरचा शब्द कोणाकडून तरी वाचून घ्या : इस्तिकाला म्हणजे राजीनामा, अदम तजदीद म्हणजे नूतनीकरण नाही. नऊ वर्षं अरबी कागदांवर न वाचता सह्या केल्यात, ही एक सही तरी वाचून करा. किवावर करार संपल्याचं कारण काय नोंदवलंय तेही स्वीकारण्याआधी बघा. आणि १ ऑक्टोबरला साइटवर जाऊ नका. "चार दिवस हँडओव्हर करून जा" या आग्रहातून करार चालू राहिल्याचा वाद निघतो.

ज्यांनी राजीनामा आधीच देऊन टाकला आहे, त्यांच्यासाठी : नव्या दुरुस्तीनुसार सात दिवसांच्या आत तो मागे घेता येतो, पण मालकाने तोवर स्वीकारलेला नसेल तरच.

मुखालसा, म्हणजे सगळं मिळाल्याचा कागद, पैसे खात्यात आल्यावरच सही करा. नोकरी संपली की एका आठवड्यात, आणि करार कामगाराने संपवला असेल तर दोन आठवड्यांत हिशोब चुकता करायचा असतो. त्यात उरलेल्या रजेचा पगार आणि परतीचं तिकीट वेगळं मागा, ते सर्व्हिसच्या पैशांत मोडत नाही. तुमची पाच वर्षं झालेली असल्याने रजा वर्षाला किमान ३० दिवसांची धरायची.

दिलं नाही तर मंत्रालयाच्या पोर्टलवर तडजोडीचा अर्ज, तिथं न मिटलं तर मजूर न्यायालय. दाव्याची मुदत नोकरी संपल्यापासून १२ महिने. कागदावर हे सोपं दिसतं. पण खुरूज (फायनल एक्झिट, म्हणजे कायमचं देश सोडण्याचा व्हिसा) लागून एकदा चिपळूणला पोचलात, इकामा (तिथला निवास परवाना) संपला, सौदी सिम बंद पडलं, की अबशिर या सरकारी अ‍ॅपचा ओटीपी येणं थांबतं आणि साधा अर्ज भरायलाही तिथल्या कोणाच्या नावाने वकाला (मुखत्यारपत्र) करून द्यावा लागतो. असे हक्क असलेली आणि मुदत उलटलेली माणसं कोकणात गावोगाव सापडतात. म्हणून पगाराची बँक स्टेटमेंटं, किवावरच्या सगळ्या करारांच्या पीडीएफ प्रती आणि गोसीचा (तिथल्या सामाजिक विमा संस्थेचा) नोकरीचा दाखला आत्ताच स्वतःच्या ईमेलवर पाठवून ठेवा, आणि पैसे जमा होईपर्यंत फायनल एक्झिटची घाई करू नका. फक्त तोवर इकाम्याची मुदत आहे ना, ते तपासा.

पूर्ण दहा वर्षांचा विचार मनात येईल. तुमच्या बाबतीत त्याची गरज नाही, मुदत संपल्याने सगळेच पैसे मिळतात. मात्र सूचनेची तारीख हुकलीच, तर करारात कालगणना कोणती धरली आहे तेवढं बघा. कायद्यातल्या मुदती, कराराने वेगळं ठरवलेलं नसेल तर, हिजरी वर्षांनी मोजतात, आणि हिजरी वर्ष सुमारे अकरा दिवसांनी लहान असतं. त्या मोजणीने तुमची दहा वर्षं पुढच्या एप्रिलऐवजी याच डिसेंबरच्या मध्याला भरतात, २०२० चे चार महिने कंपनीने वजा केले नाहीत तर.